आधी मोजा, मग स्कॅन करा

कोकणातल्या दिवेआगरच्या अनेक घरांत संगणक आता धंद्याचे साधन झाला आहे. सुपारीच्या वाडीला लागून दोन-चार खोल्या पर्यटकांना देणारे घर असेल, तर शनिवार-रविवारचे बुकिंग, पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, वीजबिल, बँकेचे व्यवहार हे सारे त्या एकाच यंत्रावर असते. ते अडले की मुंबई-पुण्यातल्या भाच्याला फोन जातो. तक्रार ठरलेली असते: कॉम्प्युटर फार स्लो झालाय, चालू व्हायलाच कितीतरी वेळ लागतो, मध्येच हँग होतो, व्हायरस शिरलाय बहुतेक. उत्तरही ठरलेले असते: ‘मामा, एक चांगला अँटिव्हायरस टाकून घ्या.’ मामा तो टाकून घेतात आणि संगणक आणखी मंदावतो. या प्रकरणात मला एवढेच पटवून द्यायचे आहे की अशा संगणकावर आणखी काही चढवण्याआधी त्यावर अँटिव्हायरस किती आहेत ते मोजायला हवे. एकापेक्षा जास्त निघाले, तर पहिला संशय त्यांच्या आपसातल्या भांडणावर घ्यावा. व्हायरसचा विचार त्यानंतर.

हे भांडण का होते ते समजायला अँटिव्हायरस कुठे बसतो ते पाहावे लागते. टायपिंगचा किंवा गाणी ऐकायचा प्रोग्रॅम विंडोजच्या वरच्या मजल्यावर चालतो. तो बंद पडला तर तेवढाच बंद पडतो. अँटिव्हायरसचा मुख्य भाग मात्र विंडोजच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात तिथे, एक चाळणी बसवतो. कोणत्याही प्रोग्रॅमने फाइल उघडायला मागितली की ती मागणी या चाळणीतून खाली डिस्ककडे जाते. फाइल तपासून होईपर्यंत मागणी तिथेच थोपवून धरली जाते. अशा चाळण्या अनेक असू शकतात, म्हणून मायक्रोसॉफ्टने प्रत्येकीला उंचीचा एक आकडा नेमून दिला आहे. अँटिव्हायरससाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा राखीव आहे आणि विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरची चाळणी ३,२८,०१० वर बसते. जिचा आकडा मोठा, तिला मागणी आधी दिसते.

इथे कोणी विचारील की मायक्रोसॉफ्टनेच सुमारे दहा हजार आकड्यांचा पट्टा राखून ठेवला असेल, तर दोन अँटिव्हायरस एकत्र नांदायला हरकत काय? हरकत अशी की आकडा फक्त रांग लावतो. रांगेतल्याने काय करायचे ते आकडा ठरवत नाही. पहिल्या अँटिव्हायरसने एक फाइल अडवली आणि तपासण्यासाठी त्याच्या सेवेने ती स्वतः उघडली, तर ते उघडणे दुसऱ्याच्या दृष्टीने एका परक्या प्रोग्रॅमची नवी मागणी असते. तो ती अडवतो आणि तपासण्यासाठी स्वतः फाइल उघडतो. आता हे उघडणे पहिल्याला दिसते. प्रत्येक कंपनी आपल्या सेवेला ओळखून सोडून देते, पण दुसऱ्या कंपनीच्या सेवेला ओळखण्याची सोय दर वेळी असतेच असे नाही. वाडीत विहिरीचे पाणी पाटाने पोफळीच्या आळ्यांपर्यंत जाते. त्या पाटावर दोघांनी आपापली फळी आडवी घालून ‘तू काढ, मग मी काढतो’ असा हट्ट धरला, तर विहीर भरलेली असूनही झाडे सुकतात. संगणकात बहुतेक वेळा हा हट्ट काही क्षणांत सुटतो आणि आपल्याला फक्त मंदपणा जाणवतो. कधीकधी तो सुटतच नाही, आणि त्याला आपण हँग झाला म्हणतो. संगणकात एसएसडी नसून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर हा मंदपणा कितीतरी पटींनी टोचतो, कारण प्रत्येक फाइल दोनदा वाचताना डिस्कचे टोक सारखे इकडून तिकडे धावत राहते.

झटापट फायलींपुरतीच राहत नाही. सुरक्षित संकेतस्थळांवरची वाहतूक तपासता यावी म्हणून काही अँटिव्हायरस स्वतःचे प्रमाणपत्र विंडोजमध्ये घालतात आणि ब्राउझर व संकेतस्थळ यांच्यामध्ये उभे राहतात. असे दोघे मध्ये उभे राहिले की बँकेचे पान उघडताना प्रमाणपत्र चुकीचे असल्याचा इशारा येऊ लागतो. घरच्या माणसाला वाटते बँकेचीच साइट बनावट आहे. दोन फायरवॉल असतील तर प्रिंटर कधी दिसतो, कधी नाही. एकाने पकडून कोठडीत ठेवलेली संशयास्पद फाइल दुसऱ्याला सापडते आणि तो रोज नव्याने ‘व्हायरस मिळाला’ म्हणून ओरडतो. बाहेरून पाहता ही सगळी लक्षणे संसर्गाचीच वाटतात. गैरसमज इथूनच सुरू होतो, आणि तो करणाऱ्याला दोष देता येत नाही.

हा नुसता तर्क नाही. अँटिव्हायरस आणि विंडोज यांच्यातल्या ओढाताणीचे जाहीर दाखले आहेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून पकडली आणि जगभरचे संगणक पुन्हापुन्हा रिस्टार्ट होत राहिले. एप्रिल २०१९ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ च्या मासिक अपडेटनंतर सोफोस, अवास्ट, अवीरा, मॅकॅफी यांपैकी काही असलेले संगणक चालू होतानाच गोठू लागले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीची एक सदोष फाइल गेली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. या तिन्ही वेळी अडचणीला एकच सुरक्षा उत्पादन पुरेसे ठरले. गाभ्यात बसलेला प्रत्येक पाहुणा आपल्याबरोबर चुकण्याची शक्यता घेऊन येतो, आणि दुसरा पाहुणा बसवला की ती वाढते.

सर्वांत बोलका दाखला जानेवारी २०१८ चा. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले आणि मायक्रोसॉफ्टने घाईने दुरुस्ती काढली. पण काही अँटिव्हायरस कर्नेलच्या स्मृतीत मान्य नसलेल्या वाटेने हात घालत होते. नव्या दुरुस्तीबरोबर ते चालवले की निळा पडदा येऊन संगणक सुरूच होईना. म्हणून अट घालण्यात आली की आपले उत्पादन सुसंगत असल्याची एक नोंद अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत करावी, नोंद असेल तरच अपडेट मिळेल. आता ही नोंद संपूर्ण संगणकासाठी एकच होती, प्रत्येक उत्पादनाची वेगळी नव्हती. संगणकावर दोन अँटिव्हायरस असतील आणि एकाने हमी दिली, तर दुसऱ्याच्या वतीने कोण बोलणार? नोंद कोणीच केली नाही, तर त्या संगणकाला पुढची सुरक्षा अपडेटही मिळत नव्हती. सुरक्षेसाठी घातलेली वस्तूच सुरक्षेची वाट अडवून बसली होती.

आता दिवेआगरच्या त्या घरात तीन-तीन अँटिव्हायरस येतात कुठून? मुद्दाम कोणी गोळा करत नाही. लॅपटॉपबरोबर एखाद्याची महिना-दोन महिन्यांची चाचणी-आवृत्ती आलेली असते. तालुक्याच्या गावातला दुकानदार दुरुस्ती करताना त्याच्याकडचा एक टाकून देतो. पुण्याचा भाचा गणपतीला आला की त्याच्या पसंतीचा फुकट मिळणारा एक चढवतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच बसलेला असतो, हे पुष्कळांना माहीतही नसते. प्रत्येकाने काळजीपोटीच टाकलेला असतो, पण आधीचा काढलाय का, हे विचारणे कोणाच्याच वाट्याचे काम नसते. मध्येच एखादी फुकट वस्तू डाउनलोड करताना आधीच खूण केलेल्या चौकटीतून आणखी एखादा आत येतो. अडोबीच्या फ्लॅश प्लेअरबरोबर मॅकॅफीचा स्कॅनर असाच कित्येक संगणकांवर उतरला होता.

यातल्या दुकानदाराकडच्या अँटिव्हायरसच्या खोक्यामागे आपल्याकडचा एक इतिहास आहे आणि तो अभिमान वाटावा असाच आहे. साताऱ्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे संगणकांची दुरुस्ती करताना व्हायरसने बिघडलेली यंत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. धाकटे भाऊ संजय काटकर संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्या यंत्रांसाठी सफाईचे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९० च्या दशकात क्विक हील उभे राहिले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या दुकानातून निघालेले हे उत्पादन दुरुस्तीच्या दुकानांमधूनच गावोगाव पोहोचले. त्या काळात विंडोजमध्ये स्वतःचे काहीच संरक्षण नव्हते. फ्लॉपीवरून व्हायरस यायचा आणि खोका विकत घेणे हाच खरा उपाय होता. ‘अँटिव्हायरस टाकून घ्या’ हा सल्ला त्या परिस्थितीत अगदी बरोबर होता. पुढे परिस्थिती बदलली, सल्ला तसाच राहिला.

कोकणच्या किनाऱ्यावर त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस वीज नव्हती. एवढे मोठे संकट रोज येत नाही, पण पावसाळ्यात तासन् तास वीज जाणे तिथे नवे नाही. अँटिव्हायरसचा परवाना मात्र कॅलेंडरवर चालतो. संगणक महिनाभर बंद असला तरी मुदत सरत राहते. मग तो चालू होतो तेव्हा एकाची मुदत संपलेली, दुसऱ्याची व्हायरसची यादी शिळी, डिफेंडर जागा होऊ पाहतो आहे, आणि तिघेही एकाच वेळी इंटरनेटवरून अपडेट ओढायला लागतात. मामांना वाटते, बंद होता म्हणून बिघडला.

निदान फोनवरून करता येते आणि त्यासाठी काहीही नवे टाकावे लागत नाही. मामांना विंडोज सिक्युरिटी उघडायला सांगावे, तिथे खाली ‘सेटिंग्ज’ आणि मग ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’. विंडोजला माहीत असलेले अँटिव्हायरस आणि फायरवॉल त्या पानावर नावानिशी दिसतात, चालू कोणता आणि बंद कोणता हेही. ‘मामा, अँटिव्हायरसच्या खाली किती नावं आहेत, वाचून दाखवा बघू,’ एवढ्या एका वाक्यात अर्धे काम होते. उरलेले अर्धे थोडे खोल आहे. स्टार्ट मेन्यूत कमांड प्रॉम्प्ट शोधून त्यावर उजवी टिचकी मारायची, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायचे आणि काळ्या खिडकीत एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरे लिहून एंटर करायचे. समोर येते ती गाभ्यातल्या चाळण्यांची यादी: डावीकडे नावे, उजवीकडे उंचीचे आकडे. बत्तीसने सुरू होणारे सहा अंकी आकडे शोधायचे. डिफेंडर चालू असेल तर त्याचे नाव ३,२८,०१० समोर दिसते. त्याच पट्ट्यात आणखी एखाद्या कंपनीचे नाव असेल आणि घरचे म्हणत असतील की ते तर आम्ही केव्हाच काढून टाकले, तर काढताना काहीतरी मागे राहिले आहे. ही यादी फोटो काढून व्हॉट्सॲपवर मागवली तर लांबून बोलणाऱ्याचा अंदाज राहत नाही, पुरावा हातात येतो.

मागे राहणे हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. अँटिव्हायरस स्वतःला व्हायरसपासून वाचवण्यासाठी घट्ट रुतून बसलेला असतो, त्यामुळे कंट्रोल पॅनलमधून काढला तरी त्याचे ड्रायव्हर आणि सेवा कधीकधी तशाच राहतात. कंपन्यांनाही हे माहीत आहे. नॉर्टन, मॅकॅफी, अवास्ट, कॅस्परस्की या सगळ्यांनी फक्त आपले उत्पादन पुरते उपटून काढणारी स्वतंत्र साधने दिली आहेत आणि अवास्टचे साधन तर सेफ मोडमध्ये चालवायला सांगतात. नुसते ‘अनइन्स्टॉल’ पुरत असते तर ही साधने करावी लागली नसती. काढताना एका वेळी एकच काढावा आणि प्रत्येकानंतर रिस्टार्ट करावा. ठेवायचा असेल तो शेवटी बसवावा. सुरुवात करण्यापूर्वी बुकिंगची फाइल आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घ्यावीत. आणि यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम पावसाच्या संध्याकाळी मुळीच करू नये. गाभ्यातला ड्रायव्हर अर्धा निघालेला असताना वीज गेली, तर संगणक पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. अशा वेळी भाच्याने गावी जाण्याची वाट पाहणे परवडते.

या सगळ्यावर सर्वांत जोरदार आक्षेप साध्या व्यवहाराचा असतो: एकाच्या नजरेतून सुटलेला दुसरा पकडील, मग दोन असण्यात वाईट काय? यातला पहिला भाग खरा आहे. कोणताच अँटिव्हायरस सगळे पकडत नाही आणि दोघांच्या चुका वेगवेगळ्या असू शकतात. पण दुसरे मत घेण्यासाठी दुसरा कायम घरात बसवावा लागत नाही. मागणी केल्यावर तपासून बाहेर पडणारे स्कॅनर असतात. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून दहा दिवसच चालतो, पुढच्या वेळी नवा घ्यावा लागतो. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७ पासून सफाईची फुकट साधने मिळतात आणि ती करणाऱ्यांत क्विक हील व मुंबईचा ई-स्कॅन हेही आहेत. दुसऱ्या मताचा फायदा अशा स्कॅनरमधून मिळतो आणि गाभ्यातली झटापट टळते. शिवाय कायमचा दुसरा अँटिव्हायरस हा एक दुसरा दरवाजाही असतो. २०१६ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या गटाने सिमँटेक-नॉर्टनमधले दोष उघड केले. तपासणीसाठी फाइल सोडवण्याचे काम तो अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्यातच करीत होता, त्यामुळे मुद्दाम घडवलेली एखादी फाइल ईमेलने नुसती येऊन पडली, कोणी उघडली नाही, तरी हल्ला शक्य होता. नंतर तो दोष दुरुस्त झाला. पण जे सॉफ्टवेअर प्रत्येक परकी फाइल उघडून पाहते त्यात खोट निघाली तर काय होते ते त्यातून कळले, आणि असे सॉफ्टवेअर दुप्पट ठेवण्याचे समर्थन मला तरी सापडत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा: फुकटच्या डिफेंडरवर धंद्याचे घर सोपवायचे? माग्डेबुर्गच्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या घरगुती वापराच्या चाचण्यांत डिफेंडर गेली काही वर्षे वरच्या गटात आहे. तेव्हा फुकट म्हणजे हलका हे आता धरून चालता येत नाही. पण दिवेआगरच्या दृष्टीने इथे एक खरी अडचण आहे आणि ती झाकू नये. डिफेंडर पुष्कळसे निर्णय इंटरनेटवरून विचारून घेतो, आणि जोडणी नसताना त्याची पकड ढिली होते असे इन्सब्रुकच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेच्या चाचण्यांत दिसले आहे. ज्या घरात नेट दिवसातून चारदा जाते आणि पाहुण्यांचे पेन ड्राइव्ह छापायला म्हणून लावले जातात, त्या घरात ऑफलाइन चांगला चालणारा विकतचा अँटिव्हायरस घेणे शहाणपणाचे ठरू शकते. घ्यावा, जरूर घ्यावा, पण एकच. तो नीट बसला की डिफेंडरला विंडोज आपोआप बाजूला सारते. डिफेंडर बंद पडलेला पाहून घाबरून तो जबरदस्तीने चालू करू नये.

तिसरे म्हणणे दुकानातले: कशाला एवढा खटाटोप, फॉरमॅट मारून घ्या. फॉरमॅटने सगळे अँटिव्हायरस एकदम जातात, म्हणून संगणक खरोखर पळू लागतो आणि व्हायरसच होता हा समज पक्का होतो. मग त्याच सवयीने पुन्हा दोन-तीन चढतात आणि पुढच्या गणपतीपर्यंत गाडी मूळपदावर येते. मधल्या मध्ये तीन वर्षांच्या बुकिंगच्या नोंदी आणि घरातले फोटो गेलेले असतात. कारण न शोधता केलेला उपाय कधी लागू पडतो, पण त्यातून काही कळत नाही.

लांबून मदत करताना पडद्यावर प्रत्यक्ष हात घालावासा वाटतो. विंडोज १० आणि ११ मध्ये क्विक असिस्ट आहे, एनीडेस्कसारखी साधनेही आहेत. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते, हे घरच्यांना माहीत असलेले बरे. दूरस्थ मदतीचा कोड फक्त आपण स्वतः फोन लावून ज्याच्याशी बोलत आहोत त्याच नातेवाइकाला द्यायचा, एवढा नियम पुरतो. पडद्यावर अचानक उगवलेला ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा’ हा इशारा कोणत्याही अँटिव्हायरसचा नसतो. काम झाले की दूरस्थ मदतीचे साधनही काढून टाकावे.

राहता राहिला जुना संगणक. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने पुढे काही काळ वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ७ वर चालणाऱ्या घरात हमखास विचारतात की विंडोजच उघडे पडले असेल तर निदान दोन अँटिव्हायरस हवेत ना? अँटिव्हायरस फायली तपासतो, विंडोजमधली भोके बुजवत नाही. बुजवण्याचे काम मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचे होते आणि ती आता येत नाहीत. अशा यंत्रावर, त्या विंडोजला अजून आधार देणारा एकच अँटिव्हायरस ठेवावा, ब्राउझरमधून बँक आणि ईमेल काढून मोबाइलवर न्यावेत, आणि खोल्यांच्या बुकिंगची वही तेवढी त्यावर राहू द्यावी.